पेसमेकर आणि विजेची उपकरणं: जपायचं कशाला आणि सोडून द्यायचं काय

प्रश्न थोडक्यात असा: वडील ६७ वर्षांचे, डाव्या खांद्याखाली दोन लीडचा (यंत्रातून हृदयात सोडलेल्या दोन तारांचा) पेसमेकर बसवून महिना झाला. घरात इंडक्शन शेगडी, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर आहे. शेतात विहिरीवर थ्री फेज मोटर आणि रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेला झटका मशीन. धाकट्या भावाचं वेल्डिंगचं दुकान घराला लागूनच. डॉक्टरांनी 'मोबाईल लांब ठेवा, विजेच्या वस्तूंपासून जपा' एवढंच सांगितलं आणि वडील आता टीव्हीचा रिमोटही हातात घेत नाहीत. नक्की भ्यायचं कशाला?

रिमोटला तर मुळीच नाही. टीव्ही, पंखा, ट्यूबलाइट, फ्रिज, वाय-फायचा राउटर, गच्चीसमोरचा मोबाईल टॉवर यांतलं काहीही नेहमीच्या वापरात पेसमेकरला त्रास देत नाही. मायक्रोवेव्हची भीती जुन्या, नीट कवच नसलेल्या यंत्रांच्या काळातली; दार धड बसत असेल तर वीतभर अंतर पुरे. खरी काळजी दोन गोष्टींची घ्यायची: छातीला टेकलेलं चुंबक, आणि खराब अर्थिंगमुळे हातातून अंगात उतरणारा करंट. त्यानंतर इंडक्शन आणि वेल्डिंगसारखी, अगदी जवळ गेल्यावरच उपद्रव देणारी क्षेत्रं. लोक नेमकं उलट करतात. मोबाईलला घाबरतात आणि अर्थ नसलेल्या बोर्डवर वॉशिंग मशीन चालवतात.

हे असं का, ते समजायला पेसमेकर काय ऐकतो ते पाहावं लागेल. तो सतत ठोके देत नाही. हृदयाचा स्वतःचा ठोका आला की थांबतो, नाही आला तर देतो. त्यासाठी लीडच्या टोकाशी हृदयाचा विद्युत संकेत मोजावा लागतो. खालच्या कप्प्यात तो साधारण ५ ते २० मिलिव्होल्ट असतो, वरच्या कप्प्यात १ ते ५. यंत्राची संवेदनशीलता त्याहून बरीच खाली लावतात: खालच्या लीडला २ ते २.५ मिलिव्होल्टच्या आसपास, वरच्या लीडला अर्धा मिलिव्होल्ट किंवा त्याहून कमी. हृदयाचे हे संकेत ढोबळमानाने १० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात बसतात आणि यंत्रातला फिल्टरही तेवढाच पट्टा आत सोडतो. आपली घरगुती वीज ५० हर्ट्झची, म्हणजे त्या पट्ट्याच्या ऐन मध्यावर. ती गाळून टाकावी तर हृदयाचा संकेतही गाळला जाईल.

मोबाईलच्या लहरी याच्या कित्येक पट वरच्या, शेकडो ते हजारो मेगाहर्ट्झच्या. टायटॅनियमचं डबं आणि लीड जिथून आत शिरते तिथले छोटे कपॅसिटर मिळून त्या बाहेरच अडवतात. १९९० च्या दशकाच्या मध्याला डिजिटल मोबाईल आले तेव्हा पेसमेकरच्या अगदी वर धरलेल्या फोनचा व्यत्यय चाचण्यांत दिसला होता. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातही फोन थेट यंत्रावर धरल्यावर गडबड दिसली, कानाला लावल्यावर धोक्याचं काही घडलं नाही. १५ सेंटिमीटरचा नियम रुळला तो त्या काळात. नंतर कंपन्यांनी फिल्टर सुधारले. नियम तसाच राहिला आणि तो पाळायला सोपा आहे, म्हणून पाळावा.

खोटा संकेत आत शिरला तर काय होतं? चार शक्यता. पहिली, यंत्राला वाटतं हृदय आपणहून चाललंय, आणि ते ठोका देणं थांबवतं. ज्यांचं हृदय पूर्णपणे पेसमेकरवर अवलंबून आहे त्यांना काही सेकंदांत भोवळ येते. दुसरी, खोटे संकेत इतके दाट येतात की हृदय असं धडधडणं शक्यच नाही हे यंत्राला कळतं आणि ते आतलं काही न ऐकता ठरलेल्या गतीने ठोके देत राहतं. ही सुरक्षित सोय आहे. तिसरी, दोन लीडच्या यंत्रात खोटा संकेत फक्त वरच्या कप्प्याच्या लीडवर येतो आणि यंत्र त्याच्या मागे धावत खालचा कप्पा वेगाने चालवतं, लावलेल्या वरच्या मर्यादेपर्यंत. अचानक धडधड वाटते. चौथी, वरच्या कप्प्यात अनियमित गती सुरू झाली असं समजून यंत्र आपली पद्धत बदलतं. रुग्णाला बहुधा कळतही नाही, नोंदीत मात्र सापडतं.

छातीतलं यंत्र आयसीडी असेल, म्हणजे शॉक देणारं, तर हिशेब बदलतो. ते अगदी बारीक संकेतही पकडायला लावलेलं असतं, ०.३ मिलिव्होल्टच्या आसपास. ५० हर्ट्झचा करंट त्याला जीवघेण्या अनियमित ठोक्यांसारखा दिसतो. ठरावीक संख्येने ते 'ठोके' मोजले की यंत्र चार्ज होतं आणि शुद्धीत असलेल्या माणसाला शॉक बसतो. गळका करंट असलेल्या वॉशिंग मशीनला हात लावल्यावर असा शॉक बसल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. म्हणून यंत्रासोबत मिळालेल्या वडिलांच्या कार्डावर पेसमेकर लिहिलंय की आयसीडी, हे आधी बघा. पुढचं सगळं त्यावर ठरेल.

कार्डावर किंवा फाईलमध्ये आणखी एक गोष्ट शोधा: सेन्सिंग, म्हणजे हृदयाचा संकेत ऐकणं, बायपोलर लावलंय की युनिपोलर. बायपोलरमध्ये यंत्र लीडच्या टोकावरच्या दोन बिंदूंमधला फरक मोजतं. ते बिंदू एकमेकांपासून जेमतेम एक सेंटिमीटरवर. युनिपोलरमध्ये एक टोक हृदयात आणि दुसरं म्हणजे खुद्द डबं, मध्ये पंधराएक सेंटिमीटर किंवा जास्त. बाहेरचं क्षेत्र असो वा अंगातून जाणारा करंट, जितकं अंतर मोठं तितका खोटा व्होल्टेज जास्त. आजच्या बहुतेक लीड बायपोलर असतात, पण लीड बायपोलर असूनही सेन्सिंग युनिपोलर ठेवलेलं असू शकतं. पहिल्या तपासणीला हा प्रश्न स्पष्ट विचारा.

आता चुंबक. पेसमेकरमध्ये मुद्दाम एक चुंबकी स्विच ठेवलेला असतो, तपासणीला आणि शस्त्रक्रियेला उपयोगी पडावा म्हणून. चुंबकी क्षेत्र साधारण १० गॉसच्या (गॉस हे त्याचं माप) वर गेलं की तो चालू होतो. पेसमेकर मग हृदयाचं ऐकणं सोडून ठरलेल्या गतीने ठोके देतो. ही गती कंपनीप्रमाणे मिनिटाला ८५ ते १०० च्या दरम्यान असते, बॅटरी संपत आली की कमी होते. त्याने सहसा धडधडीपलीकडे काही होत नाही. आयसीडीत मात्र चुंबकाने शॉक देण्याची सोयच बंद होते, ठोके द्यायचं काम तसंच चालू राहतं, आणि रुग्णाला बहुधा पत्ता लागत नाही. चुंबक काढलं की सहसा सगळं पूर्ववत. हृदयाच्या आतच बसवतात त्या लीडविरहित छोट्या पेसमेकरांपैकी काहींत हा स्विच नसतोच.

२०२१ च्या जानेवारीत आयफोन १२ च्या पाठीतल्या मॅगसेफ चुंबकाने आयसीडीची शॉकची सोय बंद झाल्याचं अमेरिकन डॉक्टरांनी प्रसिद्ध केलं. त्यानंतर ॲपलनेच सूचना दिली: फोन आणि यंत्र यांत १५ सेंटिमीटरहून जास्त अंतर, वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० सेंटिमीटरहून जास्त. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनेही फोन आणि स्मार्टवॉचसाठी १५ सेंटिमीटरच सांगितलं. या अंतराने सुटका का होते, तर चुंबकाचं क्षेत्र अंतराच्या घनाने घटतं. ३ सेंटिमीटरवर १० गॉस असेल तर ६ वर सव्वा गॉस आणि १५ वर ०.०८ गॉस. महाराष्ट्रात पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र ०.४ गॉसच्या आसपास आहे. म्हणजे वीतभर अंतरावर ते चुंबक नसल्यातच जमा.

अडचण एकच: आपल्याकडे पुरुषांच्या शर्टाचा खिसा डावीकडे, आणि पेसमेकरही बहुधा डावीकडेच. वडिलांच्या शर्टाच्या खिशातला फोन आजपासून पँटच्या खिशात किंवा पिशवीत. बोलताना उजवा कान. फोन छातीवर ठेवून आडवं पडायचं नाही. फोनच्या कव्हरला चुंबकी झाकण असेल तर ते बदला. इअरबड्सची डबी, गळ्यात सोडलेले हेडफोन, छातीवर लावायचा चुंबकी नावाचा बिल्ला, पदराची चुंबकी पिन, काखेत धरलेल्या पर्सचं चुंबकी बटण, ही सगळी मंडळी फोनहून जास्त त्रासदायक, कारण ती नेमकी त्याच जागी तासन्‌तास राहतात. हेडफोन कानात असताना काही होत नाही. गळ्यात लोंबकळताना, यंत्रापासून ३ सेंटिमीटरच्या आत आले की होतं. चुंबकाची गादी, चुंबकी पट्टा, 'मॅग्नेट थेरपी' यांना घरात जागा देऊ नका. त्यांचा उपयोग काय हा वेगळा प्रश्न, पण इथे तोटा नक्की आहे.

आता अर्थिंग. सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा इथे घाला, कारण याचा फायदा घरातल्या प्रत्येकाला आहे.

धडधाकट, नव्या उपकरणातूनही थोडा करंट बॉडीकडे गळतो. फिल्टरचे कपॅसिटर, हीटरचं इन्सुलेशन, मोटरचं वाइंडिंग यांतून तो जातोच. सुरक्षेच्या मानकांत त्याला मर्यादा दिलेली असते. वॉशिंग मशीनसारख्या जागेवर बसणाऱ्या, मोटरच्या, तीन पिनी उपकरणाला ३.५ मिलिअँपिअरपर्यंत मुभा आहे. ही मुभा एका गृहीतावर दिली आहे: अर्थची तार जागेवर आहे आणि हा करंट तिच्यातून जमिनीत जाईल. तार नसेल तर तोच करंट ओल्या हाताने ड्रमला हात लावणाऱ्या माणसातून जातो, डाव्या हातातून छातीतून पायाकडे. निरोगी माणसाला मुंग्या आल्यासारखं होतं आणि तो म्हणतो, 'जरा चुरचुरतंय, चालायचंच.' पेसमेकरला तो करंट ठोका वाटू शकतो.

आकडे घालून बघा. ओल्या हातापायाच्या माणसाचा रोध अंदाजे १००० ओहम धरू. अर्थिंग ५ ओहमचं असेल तर ३.५ मिलिअँपिअरमधला सुमारे दोनशेवा भाग, म्हणजे १७ मायक्रोअँपिअर, माणसातून जाईल. तेच अर्थिंग सुकून ५० ओहमचं झालं तर एकविसावा भाग, सुमारे १७० मायक्रोअँपिअर. म्हणजे दहापट, आणि तेही माणसाला कदाचित जाणवणार नाही इतकंच. अर्थ तुटलेलाच असेल तर जवळजवळ सगळा. 'मला करंट लागला नाही' ही पेसमेकर सुरक्षित असल्याची खूण नव्हे, ती याचमुळे.

आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावला की झालं, असंही नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ च्या खाली पडत नाही, १५ ते ३० च्या मध्ये कधीतरी पडतो. तो जीव वाचवतो, म्हणून हवाच. पण पेसमेकरला गोंधळात टाकणारा करंट त्याच्या दृष्टीने नगण्य आहे. त्या छोट्या करंटला वाट द्यायचं काम अर्थच्या तारेचं. दोन्ही लागतात, एक दुसऱ्याची जागा घेत नाही.

परवानाधारक वायरमनला बोलवून हे करून घ्या. मीटरवर फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढाच, आणि लोड चालू असताना न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवा. पण एवढ्यावर थांबू देऊ नका. डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहमच्या घरात असल्याने केसाएवढ्या, गंजलेल्या जोडातूनही तो बिनदिक्कत २३० दाखवतो. खरी परीक्षा लोडची. ६० किंवा १०० वॉटचा साधा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावला की तो फेज-न्यूट्रलइतकाच लख्ख लागायला हवा. आरसीसीबी बसवलेला असेल तर बल्ब लागण्याआधीच तो पडेल, आणि पडणं हेच उत्तीर्ण होणं. ही चाचणी चालू असताना घरात कोणीही धातूच्या बॉडीला हात लावायचा नाही. अर्थ खराब असेल तर त्या क्षणी सगळ्या बॉड्यांवर फेज येतो. अर्थच्या खड्ड्याचा रोध अर्थ टेस्टरने मोजावा. घरासाठी ५ ओहम किंवा खाली हे चांगलं लक्ष्य. उन्हाळ्यात जमीन सुकते, म्हणून मोजणी एप्रिल-मे महिन्यात करा, भर पावसात मोजून खूश होऊ नका.

वायरमनकडून तीन ठिकाणं मुद्दाम उघडून घ्या. तीन पिनी सॉकेटमध्ये अर्थच्या जागी न्यूट्रलचा तुकडा जोडलेला आहे का? ही चलाखी फार ठिकाणी सापडते. न्यूट्रल कुठेतरी तुटला की उपकरणाची बॉडी थेट फेजवर येते. दुसरं, अर्थ पाण्याच्या पाइपला बांधलाय का? पूर्वी लोखंडी पाइप होते, आता नूतनीकरणात प्लास्टिकचे आले आणि अर्थ हवेत लटकला, कोणाच्या लक्षातही आलं नाही. तिसरं, एक्स्टेंशन बोर्ड आणि तीनाचं दोन करणारे अडॅप्टर. वॉशिंग मशीन, फ्रिज, गीझर, मिक्सर, ओव्हन यांना भिंतीतलं थेट सॉकेट द्या.

बदलायचं काय? मेन बोर्डला ३० मिलिअँपिअरचा दोन पोलचा आरसीसीबी, शक्यतो ए टाइपचा, कारण इन्व्हर्टर मोटरची वॉशिंग मशीन आणि इंडक्शन यांचा गळता करंट साध्या साइन वेव्हचा नसतो आणि जुना एसी टाइप त्याला कधीकधी ओळखत नाही. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. गीझर आंघोळीला जाण्याआधी बंद, नुसता थर्मोस्टॅटवर सोडायचा नाही. बादलीत टाकायचा हीटर रॉड या घरातून कायमचा बाहेर. ज्या उपकरणाच्या बॉडीला टेस्टर लागतो ते दुरुस्त होईपर्यंत वडिलांनीच नव्हे, कोणीच वापरायचं नाही. मेकॅनिककडून ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन मोजून घ्या. धातूच्या बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला असताना चुरचुरतो, तो चार्जरच्या फिल्टरच्या कपॅसिटरचा प्रताप. तीन पिनी, अर्थवाला प्लग असेल तर तो जातो; दोन पिनीच असेल तर वडिलांनी चार्जिंग काढून लॅपटॉप वापरावा.

इंडक्शन शेगडीचं क्षेत्र साधारण २० ते ५० किलोहर्ट्झचं, पण त्याची तीव्रता घरगुती विजेच्या तालावर सेकंदाला १०० वेळा वरखाली होते, आणि तो चढउतार पेसमेकरच्या पट्ट्यात येतो. युरोपात झालेल्या तपासणीचा निष्कर्ष असा की धोका युनिपोलर, डावीकडच्या यंत्राला, माणूस शेगडीला अगदी खेटून उभा असताना, आणि भांडं कॉइलच्या मध्यावर नसताना. बायपोलरला शक्यता फार कमी. काही कंपन्या सरसकट ६० सेंटिमीटर अंतर सांगतात. ओट्याशी उभ्या माणसाच्या छातीचं भांड्यापासूनचं अंतर त्याहून कमीच भरतं, म्हणून व्यवहारात असं करा: बायपोलर पेसमेकर असेल तर शेगडी ओट्याच्या मागच्या कडेला सरकवा, भांडं वर्तुळाएवढं किंवा मोठं घ्या आणि मधोमध ठेवा, वाकून डोकावू नका, पातेल्याला हात किंवा स्टीलचा चमचा धरून बसू नका, लाकडी उलथनं घ्या. भांड्यातूनही गळता करंट हातात येऊ शकतो. युनिपोलर किंवा आयसीडी असेल तर वडिलांनी गॅसवर करावं. त्यांचं यंत्र बायपोलर निघालं तर चहापुरतं इंडक्शन पुरेसं सुरक्षित आहे. घाबरून शेगडी विकायची गरज नाही.

मिक्सर, ड्रिल, केस वाळवायचा ड्रायर, दाढीचं यंत्र: १५ सेंटिमीटर. ड्रिलवर छातीचा भार टाकून भोक पाडायची सवय असेल तर सोडायची. इन्व्हर्टर चालू असताना ३० सेंटिमीटर लांब. त्यावर रेलून बॅटरीत पाणी भरायचं काम दुसऱ्याने करावं. चालू इंजिनाच्या स्पार्क प्लगच्या वायरींपासूनही ३० सेंटिमीटर. दुचाकी चालवायला यंत्राची आडकाठी नाही. जखम भरणं आणि खांद्याची हालचाल याबद्दल डॉक्टर सांगतील तेव्हा. इलेक्ट्रिक कारवर जर्मनीत १०८ यंत्रधारकांची चाचणी झाली, २०१८ साली निकाल आला, व्यत्यय आढळला नाही. सगळ्यात जास्त क्षेत्र चार्जिंगच्या केबलजवळ मिळालं, तेव्हा केबल खांद्यावर टाकू नये.

शेताकडे वळू. थ्री फेज मोटरच्या स्टार्टरची पत्र्याची पेटी, खाली चिखल, अनवाणी पाय: घरातल्या सगळ्या धोक्यांची बेरीज इथे होते. पेटीला आणि मोटरच्या बॉडीला स्वतंत्र अर्थ द्या आणि वडिलांसाठी मोबाईलवरून चालू-बंद होणारा ऑटो स्टार्टर बसवा. तो आता गावोगाव मिळतो आणि वाफ्यात न उतरता मोटर चालते. डीपीवर फ्यूज टाकायला जाणं तर कोणीच करू नये, पेसमेकर असो वा नसो. वरून जाणाऱ्या विजेच्या तारांखालून चालायला हरकत नाही.

झटका मशीनबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण ते कुणी सांगत नाही. या यंत्राचा झटका साधारण सेकंदाला एक असा येतो, म्हणजे मिनिटाला पन्नास-साठ. पेसमेकरची 'हा खोटा संकेत आहे, ठोका नाही' ही ओळख दाट येणाऱ्या संकेतांसाठी असते. सेकंदाला एक येणारा झटका त्याला खरा ठोकाच वाटतो आणि तो आपली मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. तार हातात असेल तर प्रत्येक झटक्याला खरा ठोका हुकू शकतो. म्हणून तारेपासून किमान ३० सेंटिमीटर, आणि कुंपणापाशी काम असेल तेव्हा आधी मशीन बंद. फाटक उघडताना फक्त इन्सुलेटेड मुठीला हात. तारेत थेट २३० व्होल्ट सोडलेलं कुंपण वेगळं. ते बेकायदा आहे आणि कोणालाही मारतं.

भावाच्या दुकानात वडिलांनी बसायला हरकत नाही, ठिणगी, वेल्डिंगची केबल आणि मशीन यांपासून लांब बसून. केबलचं वेटोळं पायाशी नको. वडील स्वतः वेल्डिंग करत असतील आणि डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर: करंट १३० अँपिअरच्या आत ठेवा, म्हणजे ३.१५ मिमीच्या रॉडपर्यंतचं काम (कंपन्यांच्या सूचनांत १३० ते १६० ही वरची हद्द दिसते). ठिणगी छातीपासून ६० सेंटिमीटर. मशीन दीड मीटर लांब. दोन्ही केबल एकत्र पिळून जमिनीवर, अंगाभोवती किंवा खांद्यावर कधीच नाही. अर्थचा क्लँप जोडाच्या शक्य तितका जवळ. भराभर टाके मारायचे नाहीत, दोन टाक्यांत दहा सेकंद थांबायचं. हातमोजे आणि बूट कोरडे, सोबत कोणीतरी हवंच. भोवळ वाटली की होल्डर टाकून बाजूला. हाय फ्रीक्वेन्सीने चालू होणारं टिग वेल्डिंग आणि प्लाझ्मा कटर टाळा. आयसीडी असेल तर वेल्डिंग नाहीच.

देवळातल्या, मॉलमधल्या, विमानतळावरच्या दाराच्या चौकटीतून नेहमीच्या चालीने निघून जायचं; चौकटीला टेकून रांगेत उभं राहायचं नाही. हातातलं डिटेक्टर यंत्रावर फिरवत ठेवू नका असं सांगून कार्ड दाखवावं. दुकानाच्या दारातले चोरी पकडणारे खांबही तसेच: थांबायचं नाही, टेकायचं नाही.

दवाखान्यांत मात्र जपून. फिजिओथेरपीतला शॉर्टवेव्ह किंवा मायक्रोवेव्ह डायाथर्मीचा शेक पूर्ण वर्ज्य. लीडच्या टोकाशी उष्णता तयार होऊन हृदयाचा स्नायू भाजू शकतो, आणि यंत्र त्या वेळी बंद केलेलं असलं तरी हा धोका जात नाही. टेन्स (दुखण्यावर त्वचेतून करंट देणारं यंत्र) किंवा स्नायूंना झटके देणारे पट्टे, शरीरातली चरबी मोजणारे वजनकाटे, 'मोफत थेरपी' म्हणून खुर्चीतून किंवा पायाखालच्या पाटातून करंट देणारी केंद्रं, इथे यंत्रतज्ज्ञाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. सोनोग्राफी, एक्स-रे बिनधास्त. एमआरआय यंत्र आणि लीड दोन्ही त्यासाठी मान्य असतील तरच, आणि आधी प्रोग्राम बदलून. कुठलीही शस्त्रक्रिया ठरली, दातांची असली तरी, पेसमेकर आहे हे आधी सांगा. बेंबीच्या वरच्या शस्त्रक्रियेत कॉटरीचा (करंटने कापणाऱ्या आणि रक्त थांबवणाऱ्या उपकरणाचा) व्यत्यय जास्त येतो. तिथे बायपोलर कॉटरी वापरणं, किंवा साधी असेल तर पाच सेकंदांहून छोटे फटके आणि करंट परत नेणारी पट्टी अशा जागी की करंट छातीतून जाणार नाही, हे भूलतज्ज्ञ आणि सर्जन ठरवतात.

कशाजवळ असताना भोवळ, डोळ्यांपुढे अंधारी किंवा अचानक धडधड आली तर पहिलं काम म्हणजे तिथून दूर होणं, हात सोडणं. स्विच शोधत बसायचं नाही; बहुतेक वेळा दूर गेल्यावर यंत्र लगेच मूळ पदावर येतं. माणूस पडला असेल आणि उपकरणाला चिकटला असेल तर मात्र आधी मेन बंद, मग हात. बरं वाटलं नाही तर १०८. आयसीडीचा एक शॉक बसून माणूस ठीक असेल तर त्याच दिवशी दवाखान्याला फोन. दोन किंवा अधिक बसले, किंवा एकाच शॉकनंतर छातीत दुखलं, भोवळ आली, तर थेट रुग्णालय.

आणि त्या प्रसंगाची तारीख, वेळ मिनिटासकट, हातात काय होतं, पाय ओले होते का, हे कागदावर लिहून ठेवा. यंत्र असे प्रसंग वेळेसकट साठवतं. प्रोग्रामरवर (दवाखान्यात यंत्र वाचायच्या संगणकावर) त्या वेळेची नोंद उघडली आणि हृदयाच्या संकेतावर ५० हर्ट्झची दाट, सारखी रेघ दिसली तर कारण घराच्या वायरिंगमध्ये आहे हे मिनिटभरात ठरतं. मग सेन्सिंग बायपोलर करणं, संवेदनशीलता थोडी बोथट करणं हे तिथल्या तिथे करता येतं. वेळ लिहिलेली नसेल तर तीच नोंद लीड खराब झाल्याची आहे की बाहेरच्या व्यत्ययाची, हे ओळखायला जास्त चाचण्या लागतात. पहिल्या तपासणीला वडिलांचं कार्ड, हा कागद आणि शेतात-घरात असलेल्या यंत्रांची यादी घेऊन जा, आणि तंत्रज्ञाला चार गोष्टी लिहून द्यायला सांगा: यंत्र आणि लीडचं मॉडेल, दोन्ही लीडचं सेन्सिंग कसं लावलंय, वडील यंत्रावर किती अवलंबून आहेत, आणि चुंबक लावल्यावर गती किती होते.